मार्थाबाईंचं बोट

“आणि समज, आकडा बरोबर आला, तर?”

मार्थाबाईंनी सुपातली तूरडाळ निवडता निवडता विचारलं. मान वर केली नाही.

यशोधरा गडबडली. रक्तातल्या झाडून साऱ्या घटकांचे नॉर्मल आकडे ती नुकतीच एका दमात म्हणून थांबली होती. सोडियम एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस, पोटॅशियम साडेतीन ते पाच, तिथपासून थेट प्लेटलेटपर्यंत. कुठे अडखळली नाही, कुठे चुकली नाही. शाबासकी राहू द्या, निदान एक ‘हं’ तरी येईल असं तिला वाटलं होतं. आला तो हा प्रश्न.

“बरोबर आला तर... मग प्रश्नच मिटला ना, बाई.”

मार्थाबाईंनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

डाळ निवडणारा डावा हात चालूच राहिला.

आता या बोटाबद्दल आधी सांगायला हवं. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

मार्थाबाई तायडे यांची सारी उमर नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेली. कापसाच्या मुलखातलं एक गाव, तिथला धर्मादाय दवाखाना, आणि दवाखान्याच्या आवारातली त्यांची दोन खोल्यांची क्वार्टर. निवृत्त झाल्या तरी ट्रस्टने क्वार्टर त्यांच्याकडेच ठेवली, आणि मुली येतच राहिल्या. कुणी सरकारी भरतीसाठी यायची, कुणी परदेशातल्या परवाना परीक्षेसाठी. तिथे ना फळा होता, ना वर्ग. बाई आपलं घरचं काम करत बसायच्या आणि मुली त्यांच्या शेजारी बसायच्या.

मुलीचं काही चुकलं, तर बाई ‘चूक’ म्हणत नसत. बोट वर करत.

ही सवय वॉर्डातली. नवशिकी मुलगी पेशंटच्या उशाशी काही भलतंच बोलली किंवा करू लागली, की बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून नुसतं बोट वर करायच्या. पेशंटच्या देखत नर्सची चूक बोलायची नाही, हा त्यांचा कायदा होता. आधीच घाबरलेल्या माणसाला आणखी कशाला घाबरवायचं, असं त्या म्हणत. मुलीला काय समजायचं ते समजायचं, तिचा हात थांबायचा, आणि पेशंटला वाटायचं, बाई छताकडे काहीतरी दाखवून राहिल्या आहेत.

आणि मुलगी समोर असेपर्यंत, एकदा वर गेलेलं बोट बरोबर उत्तर आल्याशिवाय खाली येत नसे. मग मुलगी रडो, नाहीतर जेवणाची वेळ टळो. एकदा म्हणे गॅसवरचं दूध सगळं उतू गेलं, करपल्याचा वास घरभर झाला, शेजारीण डोकावून गेली, पण बोट जागचं हललं नाही. बाईंच्या बोटात हाड नाही, सळई आहे, असं मुली आपसात म्हणायच्या.

यशोधरा मेश्रामची आणि त्या बोटाची मात्र फारशी ओळख नव्हती. तिचं चुकतच नसे.

तिचे वडील गोंदियाकडे प्राथमिक शाळेत गुरुजी होते. दिवेलागणीला लेकीला समोर बसवून परवचा म्हणून घ्यायचे. पाढे झाले की पावकी, मग निमकी, मग दिडकी. इतर पोरं जांभया द्यायची आणि यशोधरा वडिलांच्याही पुढे पळायची. मोठी झाली, नर्स झाली, नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली, तरी दिवेलागणीला काहीतरी म्हणायची सवय सुटली नाही. परदेशातल्या परवाना परीक्षेची पुस्तकं आली तेव्हा तिने रक्ताचे सगळे आकडे त्याच चालीत बसवले. मैत्रिणी म्हणायच्या, हिला झोपेतून उठवून कॅल्शियम विचारा, डोळे न उघडता सांगेल. एकदा तिने खरंच सांगितलं होतं.

आणि तरीही ती परीक्षेत नापास झाली.

हे तिला पटलंच नव्हतं. आकडा एकही चुकला नाही आणि परीक्षा चुकली, हे गणित तिला सुटत नव्हतं. गुरुजींनी तर निकालाआधीच हलवायाला पेढ्यांचं सांगून ठेवलं होतं. निकालानंतर तो हलवाई समोरून येताना दिसला की गुरुजी सायकल दुसऱ्या गल्लीत घालत. कुणी तिला हे सांगितलं आणि ते तिच्या मनाला फार लागलं.

आता दुसरी खेप होती. याही वेळी नाही झालं, तर पुन्हा बसायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. म्हणून तर ती महिन्याची रजा टाकून मार्थाबाईंकडे आली होती. आल्या आल्या तिने एकच विचारलं होतं. बाई, माझ्यात कमी काय आहे, कोणता आकडा मला येत नाही, तेवढा सांगा.

मार्थाबाईंनी त्यावर तिला राहायला खोली दाखवली, वॉर्डात हाताखाली मदत करायला सांगितलं, आणि सूप पुढे ओढलं.

आणि आज हा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन आली.

“आकडा बरोबर आला, तर तो पेशंटच्या कागदावर नीट लिहून ठेवायचा.”

बोट वर.

रात्रभर विचार करून ती पुन्हा आली. म्हणाली, एकदा खात्री म्हणून पुन्हा तपासायला पाठवायचा. बोट किंचित वाकल्यासारखं तिला वाटलं. पण तो तिच्या मनाचा खेळ होता. बोट ताठच होतं.

तिसऱ्या खेपेला ती चिडूनच आली. म्हणाली, आकडा बरोबर आला तर देवाचे आभार मानायचे, दुसरं काय.

मार्थाबाई दर रविवारी न चुकता चर्चमध्ये जाणाऱ्या बाई. त्या पोट धरून हसल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी पदराने पुसलं.

डाव्या हाताने. उजवा वरच होता.

“पेपरात असं काही विचारत नाहीत, बाई,” यशोधरा म्हणाली. आवाज चढला होता.

“नाही विचारत?”

“नाही.”

“मग पास काहून नाही झालीस?”

...

त्या दिवशी ती न जेवताच झोपली. म्हातारीचं वय झालं, आता काहीच्या बाही विचारते, असंही तिच्या मनात येऊन गेलं. आपण इतक्या लांबून आलो ते कशासाठी? पालथ्या घड्यावर पाणी, असं ती पुटपुटली. घडा कोण हे मात्र तिने ठरवलं नाही.

दिवेलागणीला ती आपली खोलीच्या पायरीवर बसून परवचा म्हणायची. बाई आपल्या दारात बसून ऐकत. चूक निघत नसे. बोट वर होत नसे. बाई उठून आत जायच्या.

मग जिनिंगचा हंगाम सुरू झाला.

गावाच्या चारी बाजूंना कापसातून सरकी काढणारे कारखाने. कापसाच्या गाड्यांची रांग लागली की हवेत रुईचे बारीक तंतू तरंगू लागतात. दोरीवरच्या कपड्यांवर बसतात, चहाच्या कपात पडतात, माणसाच्या नाकात जातात. गावाची भाकरी त्याच्यावर आहे, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण ज्याला दम्याचा त्रास, त्याचे हे दिवस वाईट. मार्थाबाईंना तो जुना होता. हंगाम आला की त्या खिडक्या लावून घेत, तोंडाला पदर बांधत आणि काम चालू ठेवत.

एक दिवस सकाळी यशोधरा चहा घेऊन गेली, तर बाई ओट्यावर बसलेल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर चढलेले. श्वास आत जाताना गळ्याची शीर न् शीर ओढली जात होती आणि बाहेर येताना छातीत शिट्टी वाजत होती. सूप उपडं पडलं होतं. डाळ अंगणभर झाली होती.

बोलता येत नव्हतं. बाईंनी नुसतं दवाखान्याकडे पाहिलं.

पाठीमागच्या वॉर्डात खाट मिळाली. डॉक्टर चांडक धावत आले. तेही एकेकाळी या बाईंच्या बोटाखालून गेलेले होते, कारण नव्या डॉक्टरांनाही बाई सोडत नसत. ऑक्सिजन लागला, वाफेचं औषध सुरू झालं, शिरेतून इंजेक्शन गेलं. मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातले वायू तपासायला पाठवले.

रिपोर्ट यशोधराच्याच हातात आला. तिची नजर सवयीने कार्बन डायऑक्साइडवर गेली. नॉर्मल पस्तीस ते पंचेचाळीस. बाईंचा अठ्ठावीस.

कमी आहे, असं ती घाबरून डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी तिची समजूत घातली. म्हणाले, धाप लागलेल्या माणसाचा हा आकडा खाली जायचाच. श्वास जितका जोरात, तितका हा वायू जास्त बाहेर फेकला जातो. बाई झगडून राहिल्या आहेत, म्हणून कमी आहे. झगडू द्या. दुपारी पुन्हा रक्त पाठवू, रिपोर्ट आला की मला दाखवा.

तिने मान हलवली. ऐकलं आणि पाठही केलं. पाठ करण्यात ती कधीच कमी पडत नव्हती.

डॉक्टर बाहेरच्या पेशंटांकडे गेले. वॉर्डातल्या सिस्टरांना पलीकडे एक नवी बाळंतीण होती. बाईंजवळ यशोधरा बसली. सकाळभर ती त्या श्वासाबरोबर स्वतःचा श्वास ओढत राहिली. इतके दिवस जिच्यावर आपण चिडत होतो, त्या बाईंवर आपला किती जीव जडला आहे, हे तिला तेव्हा कळलं. मनातल्या मनात ती त्यांची माफी मागत होती.

दुपार झाली.

हळूहळू शिट्टी कमी झाली. मग थांबली. वर चढलेले खांदे खाली आले. गळ्याच्या शिरा सैल पडल्या. बाईंनी डोळे मिटून घेतले. सकाळपासून जो वॉर्ड त्या आवाजाने भरला होता, तो शांत झाला.

यशोधराने हुश्श केलं. औषध लागू पडलं म्हणायचं. तिने उशी सारखी केली, चादर छातीपर्यंत ओढली, कपाळावरचा घाम टिपला. डाव्या हाताच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा पाहिला. मास्क चालू होता, आकडा ठीक होता.

तेवढ्यात दुसरा रिपोर्ट आला.

कार्बन डायऑक्साइड चाळीस.

चाळीस. पस्तीस आणि पंचेचाळिसाच्या अगदी मधोमध. सकाळच्या अठ्ठाविसावरून आकडा आपल्या घरी परत आला होता. यशोधराला इतका आनंद झाला की तिने कागद एकदा छातीशी धरला. डॉक्टरांना दाखवायचा होता, पण त्यांच्या दारात पेशंटांची रांग होती. आकडा बिघडला असता तर गोष्ट वेगळी. आता कसली घाई, राउंडला येतीलच, असं म्हणून तिने कागदाची घडी केली आणि एप्रनच्या खिशात ठेवली.

मग ती बाईंच्या कानाशी वाकली.

“बाई, चाळीस आला. नॉर्मल.”

मार्थाबाईंनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं.

चादरीखालून उजवा हात सरकत बाहेर आला. कोपर खाटेवरच टेकलेलं होतं. बोट वर झालं.

यशोधराला हसूच आलं. जीव जाता जाता वाचला, आणि बाई परीक्षा घेऊन राहिल्या.

“पस्तीस ते पंचेचाळीस, बाई. चाळीस बरोबर आहे.”

बोट वर.

तिला वाटलं, कागद कुणा दुसऱ्याचा आला की काय. तिने तो खिशातून काढला, उलगडला. नाव मार्थाबाईंचंच होतं. वेळ आत्ताचीच होती. आकडा चाळीसच होता.

“बरोबरच आहे, बाई. दोनदा पाहिला मी.”

बोट वरच राहिलं. आता ते थरथरत होतं.

...

आणि मग ते खाली पडलं.

बाईंनी खाली घेतलं नाही. ते पडलं. चादरीवर आडवं झालं आणि तसंच राहिलं.

यशोधरा त्याच्याकडे पाहत राहिली.

तिने उत्तर दिलं नव्हतं. अजून दिलं नव्हतं. दूध उतू गेलं तेव्हा जे हललं नाही, मुली रडल्या तेव्हा जे हललं नाही, ते बोट उत्तराआधीच खाली आलं होतं.

वॉर्डात फार शांत होतं.

झगडून राहिल्या आहेत म्हणून कमी आहे, असं सकाळी डॉक्टर म्हणाले होते. अठ्ठावीस हा झगडणाऱ्या बाईंचा आकडा होता. मग हा चाळीस कुणाचा? सकाळपासून श्वास ओढून ओढून ही छाती दमली होती. फेकायला हवा तो वायू आता फेकला जात नव्हता, आतच साठत होता, आणि वर चढता चढता या घटकेला नेमका नॉर्मलवरून जात होता. बाई बऱ्या झाल्या नव्हत्या. बाई थकल्या होत्या.

ती उठली ती धावतच. पेशंटांची रांग तिने हातांनी बाजूला केली.

डॉक्टरांनी कागदाकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवून निघाले. वाटेत त्यांनी तिला काही विचारलं नाही. बाईंच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, इथे लावला, तिथे लावला, पाठीला लावला. आत काहीच ऐकू येत नव्हतं. शिट्टी बरं वाटल्यामुळे थांबली नव्हती. शिट्टी वाजण्यापुरतीही हवा आतबाहेर होत नव्हती.

पुढचा वेळ यशोधराला तुटक तुटक आठवतो. शिरेतून दुसरं औषध सुरू झालं. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क आला, त्याला जोडलेलं श्वास ढकलणारं मशीन आलं. गरज पडली तर घशात घालायची नळीही उशाशी तयार ठेवली. बाळंतिणीला सोडून सिस्टर आल्या, हात द्यायला आणखी कुणी आलं. यशोधराला जे सांगितलं ते तिने केलं, आणि हात मोकळा झाला की बाईंचा उजवा पंजा धरून ठेवला. त्या पंजात जोर नव्हता. आपण खिशात घडी करून ठेवलेला कागद तिला सारखा आठवत होता.

मशीन चालत राहिलं. आत, बाहेर. आत, बाहेर.

कितीतरी वेळाने डॉक्टरांनी पुन्हा छातीला स्टेथोस्कोप लावला, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी काही न बोलता स्टेथोस्कोपच्या नळ्या काढून यशोधराच्या कानात घातल्या.

आत शिट्टी वाजत होती.

सकाळी जी ऐकून तिचा थरकाप झाला होता, तीच. तिला भरून आलं. वॉर्डात रडायचं नाही, हाही बाईंचाच कायदा होता, म्हणून ती व्हरांड्यात गेली आणि तिथे मनसोक्त रडली.

बाहेर दिवेलागण झाली होती. त्या संध्याकाळी तिने परवचा म्हटली नाही. आठवणच झाली नाही.

बाई वाचल्या. मशीन निघालं, मग मास्क निघाला, मग नुसती नाकाशी ऑक्सिजनची नळी राहिली. बाई बसू लागल्या, वरणाचं पाणी घेऊ लागल्या. त्यात मीठ कमी आहे, अशी खूण केली, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

यशोधराची परीक्षा तोंडावर आली होती. पेपरासाठी तिला हैदराबादला जायचं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती बाईंच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसली. हातात पुस्तक नव्हतं.

खिडकीतून रुईचा एक तंतू आत आला होता आणि चादरीकडे उतरत होता. तिने तो चिमटीत धरला, उठून खिडकी लावली, पुन्हा येऊन बसली. बाईंचा श्वास ती मोजत नव्हती. ऐकत होती.



मग मार्थाबाईंनीच विचारलं. आवाज अजून बसलेला होता, एकेक शब्द सुटा येत होता.

“आणि समज... आकडा बरोबर आला, तर?”

यशोधराने तोंड उघडलं.

मिटलं.

तिने खाली पाहिलं. चादरीवर बाईंचा उजवा हात होता. किती दिवसांपूर्वी याच प्रश्नाला तिने कसं चटकन उत्तर दिलं होतं, ते तिला आठवलं. सांगण्यासारखं तिच्याजवळ खूप होतं. पण त्यातलं काहीही म्हणायला गेलं की ते पाठ केल्यासारखंच होणार होतं.

...

ती गप्पच राहिली.

बाई तिच्याकडे पाहत होत्या. ती हाताकडे पाहत होती.

बोट वर झालं नाही.

बाहेर जिनिंगचा भोंगा वाजला, पाळी सुटली. माणसं बोलत बोलत कुंपणापलीकडून गेली, आणि पुन्हा शांत झालं.

यशोधराने तो हात आपल्या हातात घेतला. इतके दिवस तिच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. विचारायची हिंमत होत नव्हती, आणि न विचारता परीक्षेला जाणंही तिला जमणार नव्हतं.

“बाई...”

“काय वं?”

“त्या दिवशी मी नसती समजली तर? तुमचं बोट खाली पडलं, तरी मी तशीच बसून राहिली असती तर?”

मार्थाबाईंनी एक श्वास घेतला. पूर्ण, छातीच्या तळापर्यंत. थोडा वेळ तो आत ठेवला. मग सावकाश सोडला, आणि डोळ्यांतल्या डोळ्यांत हसल्या.

“तर काय, पोरी... मी नॉर्मल मेली असती.”